अस्वलाच्या पित्तातून आलेली गोळी

रावेर-यावलकडे मुतखड्याचं औषध शेतातच उभं असतं. घड कापून झाला की केळीचं खोड सोलायचं, आतला पांढरा गाभा किसायचा, फडक्यात घालून पिळायचा आणि निघालेलं तुरट पाणी सकाळी अनशापोटी घ्यायचं. शेतात केळी नसली तर हुलग्याचं कढण. खानदेशचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो, घाम जातो तशी लघवी घट्ट होते आणि मुतखडे बळावतात. त्यातला बारीक खडा भरपूर पाण्याबरोबर एरवीही वाहून जातो, पण श्रेय खोडाला मिळतं. पंचाईत होते ती सोनोग्राफीच्या कागदावर ‘पित्ताशयात खडे’ असं आल्यावर. पोटमा खडा शे, एवढंच घरी कळतं आणि पुन्हा तोच गाभा किसायला घेतात. त्या रसाचा पित्ताशयाशी काडीचा संबंध नाही. पित्ताशयातला खडा लघवीच्या वाटेवर नसतोच. तो हलला तर पित्ताच्या अरुंद नळीत अडकतो आणि कावीळ, ताप, स्वादुपिंडाची सूज असं काहीबाही ओढवून घेतो.

तरी हा खडा विरघळवणारं औषध आहे, आणि त्याचं कूळ भलतंच आहे. चिनी वैद्यकात अस्वलाचं वाळवलेलं पित्त इ. स. ६५९ पासून तरी नोंदलेलं आहे. (यावलच्या जंगलातल्या अस्वलांनी घाबरू नये, मागणी असते ती मुख्यतः हिमालयापासून जपानपर्यंत आढळणाऱ्या काळ्या अस्वलाच्या पित्ताला.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या हामारस्टेन यांना ध्रुवीय अस्वलाच्या पित्तात एक अनोळखी आम्ल सापडलं. १९२७ मध्ये जपानात ओकायामा इथे शोदा यांनी ते स्फटिकरूपात वेगळं केलं आणि अस्वलाच्या लॅटिन नावावरून त्याचं बारसं झालं : उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल. १९५७ पासून ते जपानात औषध म्हणून विकलं जाऊ लागलं, पण यकृतासाठी. खड्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

ते घेतलं अमेरिकेत, आणि तेही या आम्लाच्या चुलतभावाच्या निमित्तानं. १९७२ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी चिनोडिऑक्सिकोलिक आम्ल दिलं, ज्याचं नाव हंसावरून पडलं आहे, आणि काही रुग्णांचे खडे खरोखर विरघळले. मोठी आशा निर्माण झाली. मग ९१६ रुग्णांवर चाचणी झाली. १९८१ मध्ये तिचा निकाल आला : दोन वर्षं मोठी मात्रा घेऊनही खडे पूर्ण गेले ते जेमतेम १३-१४ टक्के लोकांचे. वर जुलाब आणि यकृताला उपद्रव. तोवर जपानी डॉक्टरांनी अस्वलाचं आम्ल हेच काम कमी त्रासात करतं हे दाखवलं होतं. हंस मागे पडला, अस्वल टिकलं. आज हे आम्ल बहुतेक गुरांच्या पित्तापासून कारखान्यात तयार होतं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या रुग्णाला कोणी हे सांगितल्याचं मात्र ऐकिवात नाही.

यकृत पित्तात जे कोलेस्टेरॉल सोडतं, ते या गोळीनं कमी होतं. मग पित्ताला खड्यातलं कोलेस्टेरॉल कणाकणानं उचलता येतं. वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. म्हणून अटी फार. खडा कोलेस्टेरॉलचाच हवा, त्यात कॅल्शियम साचलेलं नको, पित्ताशय काम करणारं हवं आणि खडा पाच मिलिमीटरच्या आत असला तर उत्तम. सहा महिने ते दोन वर्षं रोज गोळी घ्यायची. एवढं करून पिशवी जागच्या जागीच राहते, त्यामुळे पाच वर्षांत निम्म्या जणांना खडे परत होतात. १९८५ मध्ये म्युनिकला बाहेरून आघातलहरींचा मारा करून पित्ताशयातले खडे फोडले गेले. त्यालाही हीच मर्यादा नडली.

१९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि खड्यांपुरता गोळीचा जमाना संपत आला. दोन-तीन दिवसांत घरी जाता येत असेल, तर दोन वर्षं गोळ्या गिळणार कोण? ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा मोबाइलवर फिरणारा तोडगा तर बोलूनचालून फसवा. तो केल्यावर शौचातून पडणारे हिरवे गोळे न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी तपासले आणि २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं की त्यात खडा नाहीच, पोटात तेल-रसाचा झालेला साबण आहे.

माझ्या मते बिनऑपरेशनचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे न दुखणाऱ्या खड्याला बहुधा हात न लावणं. हा आळस नव्हे. अमेरिकेत मिशिगनला असे मुके खडे असलेल्या १२३ जणांचा माग ठेवला गेला. १९८२ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की पंधरा वर्षांत दुखण्याची शक्यता १८ टक्के. पण असा सल्ला दिल्यावर फी देताना माणसाचा हात आखडतो.

सातपुड्यात हिशेब वेगळा. शिरपूरपासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. त्यात तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात आणि त्यातल्या रंगद्रव्याचे खडे होतात : काळे, ठिसूळ, कधी शाळकरी वयातच. डोळे पिवळे दिसले की काविळीची माळ घातली जाते. ही गोळी कोलेस्टेरॉलवर चालते, या खड्यांवर नाही. असं मूल दुखण्यानं कळवळू लागलं तर पित्ताशय काढावंच लागतं, आणि तेही जिथे रक्ताची सोय आहे आणि भूल देणाऱ्याला सिकलसेलची आधी कल्पना आहे अशाच ठिकाणी.