कापलेल्या वेढ्याचे गणित

पाट्यांच्या कमानीतला एक पाटा काढला की कमान नरम पडते. वेढ्यांच्या स्प्रिंगमधला एक वेढा कापला की ती ताठ होते. मालवाहू ट्रकच्या पाट्यांवर हात बसलेल्या आपल्याकडच्या मिस्त्रीला यातले दुसरे वाक्य सहजी पटत नाही. लोखंड कमी केले तर ताकद वाढेल कशी, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. उत्तर रचनेत आहे. पाटे एकमेकांच्या पाठीशी उभे राहून भार वाटून घेतात. एक गेला की उरलेल्यांवरचे ओझे वाढते. वेढे मात्र साखळीच्या कड्यांसारखे एकापुढे एक असतात. प्रत्येक वेढ्यावर पूर्ण भार येतो आणि प्रत्येक वेढा आपापल्या वाट्याचा दबतो. वेढे कमी म्हणजे दबणारे कमी, म्हणून तेवढ्याच भाराला एकूण दाब कमी. जुन्या ट्रकचे नाक खाली आणायला पुढच्या स्प्रिंगा कापाव्यात की नाही, हा अमेरिकेतल्या हौशी गॅरेजांमधला जुना वाद याच फरकापासून सोडवायला घ्यावा लागतो.

सोयीचे उदाहरण शेवरोलेच्या सी-१० पिकअपचे. १९६० मध्ये या ट्रकच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले, पण ते पिळाच्या दांड्यांवर चालणारे होते. १९६३ मध्ये त्या दांड्या जाऊन वेढ्यांच्या स्प्रिंगा आल्या आणि वर एक, खाली एक अशा दोन आर्मच्या मध्ये स्प्रिंग ही मांडणी पुढे दोन दशकांहून अधिक काळ टिकली. आज तिकडे हौसेने जपलेल्या जुन्या पिकअपमध्ये हीच पिढी ठळक दिसते. तिला खाली बसवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगचा वेढा कापणे. एक पक्ष याला कसाईकाम म्हणतो, दुसरा म्हणतो, काही होत नाही. हिशेब मांडायच्या भानगडीत दोघेही पडत नाहीत.

तो मांडू. आकडे सोयीचे घेतले आहेत, पण अशा ट्रकला न शोभणारे नाहीत. एका पुढच्या चाकावर स्प्रिंगने तोलायचा भार ४,४०० न्यूटन धरा, म्हणजे साधारण ४५० किलो. स्प्रिंग चाकापाशी नसते. ती खालच्या आर्मवर, बिजागरी आणि चाक यांच्या मध्ये कुठेतरी बसते. चाक १०० मिमी वर गेले तर स्प्रिंग ५५ मिमी दबते असे मानू. तरफेच्या नियमाने स्प्रिंगवर ४,४०० भागिले ०.५५, म्हणजे ८,००० न्यूटन भार येतो. स्प्रिंगची ताठरता दर मिमीला ५० न्यूटन, काम करणारे वेढे ८ आणि त्यांची मोकळी उंची ३६० मिमी. भाराखाली ती १६० मिमी दबेल आणि २०० मिमी उरेल.

आता एकाच वेढ्याकडे पाहा. मोकळा असताना त्याच्या वाट्याला ४५ मिमी उंची आहे. भाराखाली तो २० मिमी दबतो, २५ उरतात. एक वेढा कापला, तरी उरलेल्या सातांपैकी प्रत्येकावर तेच ८,००० न्यूटन आहेत, म्हणून प्रत्येक जण पूर्वीइतकाच २० मिमी दबून २५ वर थांबतो. नवी उंची सात गुणिले २५, म्हणजे १७५ मिमी. स्प्रिंग खाली आली ती २५ मिमी. स्प्रिंग जमिनीवर ठेवून दोन वेढ्यांमधले मोकळे अंतर मोजणारा ४५ ची अपेक्षा धरतो आणि चुकतो. कापलेला वेढा गाडीची उंची किती कमी करणार, हे त्याचे *भाराखालचे* अंतर ठरवते. मोकळे अंतर त्या हिशेबात येतच नाही.

पण हे २५ मिमी स्प्रिंगपाशी मोजलेले. चाकापाशी ते ०.५५ ने भागायचे. उत्तर सुमारे ४५ मिमी. म्हणजे ज्याने मोकळे अंतर मोजले आणि तरफ विसरला, त्याच्या दोन चुकांनी या उदाहरणात एकमेकींना खाऊन टाकले आणि अंदाज तंतोतंत बरोबर आला. गॅरेजमधले कितीतरी ठोकताळे असेच जन्माला येतात. दुसऱ्या ट्रकवर, दुसऱ्या इंजिनाच्या वजनाखाली तोच ठोकताळा तोंडावर पाडतो.

ताठरतेचेही बघून घेऊ. ती तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असते. वेढ्याच्या व्यासाच्या घनाशी आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात. आठाचे सात झाले की ५० ची ताठरता ५७ होते, म्हणजे १४ टक्के वाढ. गाडीच्या वरखाली डोलण्याचा वेग ताठरतेच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून तो वाढतो जेमतेम ७ टक्के. एवढा फरक पाठीला ओळखू यायचा नाही. तरीही कापलेल्या स्प्रिंगवरची गाडी खड्ड्यात कंबर मोडते ही तक्रार खोटी नाही. तिचे कारण मात्र स्प्रिंगमध्ये नाही, रबरात आहे.

आर्म वर जाऊन चेसिसवर आदळू नये म्हणून मध्ये एक रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप. मूळ उंचीला चाकाला त्याच्यापर्यंत पोचायला ६५ मिमी वाव होता असे समजा. चाकापाशी जाणवणारी ताठरता पन्नासाला ०.५५ च्या वर्गाने गुणून मिळते, दर मिमीला सुमारे १५ न्यूटन. म्हणजे ठोकळ्याला टेकण्याआधी स्प्रिंग जवळपास ९८० न्यूटनचा वाढीव धक्का पचवत होती. वेढा कापल्यावर वाव उरला २० मिमीच्या आसपास आणि ताठरता झाली सुमारे १७. गुणाकार ३५० च्याही आत. स्प्रिंग थोडी ताठ झाली खरी, पण तिला काम करायला जागा उरली तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पूर्वी जो खड्डा तिने गिळला असता, तो आता थेट रबरावर आणि रबरातून चेसिसवर जातो. मग ‘स्प्रिंग कडक झाली’ म्हणत लोक नरम शॉकअप शोधत बसतात. कुणी ठोकळाच अर्धा कापतो. त्याने थोडा वाव मिळतो, पण पुढच्या मोठ्या धक्क्याला शॉकअपचा दांडा तळाला आपटतो आणि वर्षाच्या आत त्याचे सील गळू लागते. ठोकळा कमी करायचा तर शॉकअपही आखूड लागतो.

कापलेली स्प्रिंग लवकर तुटते, हा समजही या हिशेबापुढे टिकत नाही. तारेतला ताण भार, तारेची जाडी आणि वेढ्याचा व्यास यांवर ठरतो; वेढे किती हे त्यात येत नाही. आमच्या उदाहरणात तर ठोकळ्याला टेकतानाचा स्प्रिंगवरचा भार मूळ स्प्रिंगपेक्षा कमीच भरतो, सुमारे ९,८०० च्या जागी ८,६००. भीती धरायची तर ती उष्णतेची धरावी.

कारण कापण्याचे नाव घेऊन दुसरेच काही करणारे लोक आहेत. गाडी उभ्या जागी, स्प्रिंग न काढता, गॅसच्या ज्योतीने एकदोन वेढे लाल करायचे. गाडी आपोआप बसते. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो. स्प्रिंगच्या पोलादालाही कारखान्यात तसेच पाणी दिलेले असते आणि मग मोजून ते थोडे उतरवलेले असते, त्यावरच तिचे परत येणे अवलंबून असते. लाल होईपर्यंत तापवले की तेवढ्या भागाचे पाणी पार उतरते. उजव्या बाजूची ज्योत दोन मिनिटे, डावीकडची अडीच, एवढ्यानेही दोन्ही बाजूंची उंची वेगळी भरते. शिवाय नरम झालेला वेढा पुढे महिनोन् महिने बसतच राहतो. अशा स्प्रिंगवर लाल भागाच्या कडेला निळा-जांभळा पट्टा दिसतो. तो दिसला की ती स्प्रिंग भंगारात टाकावी, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

थंड कापायचे काम असे. शॉकअप काढून खालच्या आर्मला जॅक लावायचा, स्प्रिंगला साखळी गुंतवून ती चेसिसला बांधायची, बॉल जॉइंट मोकळा करून जॅक हळूहळू उतरवायचा. आपल्या उदाहरणातल्या दबलेल्या स्प्रिंगमध्ये सुमारे ६४० ज्यूल ऊर्जा आहे, म्हणजे पासष्ट किलोचा माणूस एक मीटरवरून पडावा इतकी. साखळी आळसाने टाळण्यासारखी नाही. स्प्रिंग बाहेर आली की तिची टोके पाहायची. एक टोक चपटे करून बंद केलेले असेल तर त्याला हात लावायचा नाही. उघडे, वेढ्याच्याच चढावर संपणारे टोक कापायचे. दोन्ही टोके आवळून बारीक केलेली स्प्रिंग कापायचा विचारच सोडावा, तिचे नवे टोक कुठल्याच बैठकीत बसणार नाही. खडूने खूण, ग्राइंडरला कटिंग व्हील, आणि एका वेळी अर्धाच वेढा. कापल्यावर टोकाची धार घासून घ्यायची आणि ते आर्मच्या खोबणीत नीट टेकेल असे फिरवून बसवायचे. आर्म पूर्ण खाली लोंबत असताना स्प्रिंग बैठकीत सैल होत नाही ना, हे गाडी उचलून तपासायचे.

वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असल्यामुळे गाडी बसली की चाकाचा माथा आत झुकतो. वरच्या आर्मच्या शिम कमीजास्त करून ते बरेचसे सावरता येते. टाय रॉडचा कोन बदलल्याने बिघडलेली चाकांची समांतरताही नव्याने लावावी लागते. अलाइनमेंटशिवाय गाडी रस्त्यावर काढली तर टायरची आतली कड थोड्याच दिवसांत गुळगुळीत होते. फोर्डच्या एफ-१०० मध्ये हे दुखणे जास्त. १९६५ पासून तिथे प्रत्येक चाकाची दणकट बीम पलीकडच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली असते. गाडी बसली की बीमबरोबर चाकही तिरके होते आणि शिमसारखी सोय नसल्याने बीमच वाकवावी किंवा बदलावी लागते. त्या ट्रकच्या स्प्रिंगा कापणाऱ्याने आधी बीमचा खर्च विचारून घ्यावा.

सी-१० साठी मला पटणारा मार्ग वेगळा आहे. चाकाची आस वर सरकवलेले स्पिंडल बाजारात मिळतात, बहुधा अडीच इंचांचे. ते लावले की गाडी ६० मिमीच्या वर खाली येते. आर्मचे कोन, ठोकळ्यापर्यंतचा वाव आणि स्प्रिंग मात्र मूळच्याच राहतात. त्यानंतरही नाक उंच वाटले तर अर्धा वेढा. वेढा हा उरलेले पंधरावीस मिमी जुळवायचा उपाय आहे.

खालची हद्द कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातल्या कलम २४००८ ने आखली होती; २०२४ च्या सुरुवातीपासून ते कलम रद्द झाले. गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेच्या खाली नसावा, असे ते सांगत असे. १९५८ चा तो नियम बुटक्या गाड्यांना आवर घालायला आला असला, तरी यांत्रिक अर्थानेही तो चोख आहे: टायर बसला तर रस्त्याला रिम टेकावा, आर्म किंवा टाय रॉड नव्हे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांत बदल करायलाच मनाई करते, त्यामुळे इथे हा प्रश्न बव्हंशी कागदावरचा.

उंची शेवटी मोजायची ती गाडी जॅकवरून उतरवल्या उतरवल्या नव्हे. उतरताना टायर जमिनीला धरून राहतात आणि चाके आत ओढली गेलेली असतात, त्यामुळे नाक खोटेच उंच दिसते. गाडी वीसेक फूट मागेपुढे ढकलावी, बंपरवर दोनदा जोर द्यावा आणि मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावावा. आर्मला रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट आता, गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत. आठवडाभर चालवून तोच टेप पुन्हा लावायचा.