भीमेचं पाणी, केडगावची भाकर

तुमची बैलगाडी घोडनदीहून निघाली आहे. साल १८९७, महिना नोव्हेंबर. सरकारी कागदावर गाव शिरूर, पण गाडीवानाच्या तोंडी घोडनदीच. गाव सुटता सुटता तो एका जुन्या थडग्याच्या दिशेने हात जोडतो. थडगं गोऱ्याचं आहे. कर्नल वॉलेस, १८०९ साली इथल्या छावणीत वारला. लोकांनी त्याला सत्पुरुष करून टाकलंय. नवं धान्य घरात आलं की आधी त्याला ठेवायचं, धूप जाळायचा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८४० च्या दशकापासून या गावात शाळा नि प्रार्थना चालवताहेत, पण गाडीवानाला विचाराल तर ख्रिस्ती देव म्हणून तो या लष्करी साहेबाकडेच बोट दाखवील. मिशनऱ्यांना हे फारसं रुचत नसणार.

न्हावऱ्यावरून गाडी दक्षिणेला वळते. यंदा पाऊस बरा झालाय, ज्वारी गुडघ्याला लागलीय. पण गेल्या सालचा दुष्काळ माणसांच्या अंगावर अजून दिसतो. दंड बारीक, डोळे मोठे. पुण्यात प्लेग आहे म्हणून कुणी परका दिसला की लोक चार हात लांब उभे राहतात. तुम्हीही परकेच.

पारगावच्या अलीकडे भीमा आडवी येते. पलीकडे भीमथडी तालुका. तुमच्या काळात त्यालाच दौंड तालुका म्हणतात. त्या काठावर बैलगाड्यांची रांग सुटलेली आणि शंभरावर मुली. गाणी म्हणत आल्यात, केडगावहून पाचेक मैल. तुम्ही उतारावरून पाणी ओलांडता. धोतर भिजतं, पाणी गार आहे.

जवळ गेल्यावर मुली नीट दिसतात. बहुतेक मध्य प्रांतातल्या, मराठी नुकती शिकू लागलेल्या. गेल्या हिवाळ्यात पंडिता रमाबाई स्वतः जबलपूरकडच्या दुष्काळी मुलखात हिंडल्या आणि तीनशे मुली आणायचा पण करून आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या माळावर तंबू ठोकले. आलेल्यांपैकी सगळ्याच जगल्या नाहीत. ज्या जगल्या त्यातल्या काही आज या वाळूत उभ्या आहेत. एकीच्या नडगीवर जखमेचा वण आहे, आत्ताआत्ता खपली पडलेला, कडेची कातडी गुलाबी. ती तो वण पुन्हा पुन्हा चाचपते. तिची पाळी आली की पाळक तिचं नाव मोठ्याने घेतात.

इथे थोडं थांबा. दुष्काळी छावणीत ती खडी फोडणाऱ्या हातांपैकी एक होती, शेर-छटाकाने मोजलेलं धान्य घेणारं एक तोंड. आता नदीकाठी शंभर माणसं गप्प उभी राहून तिचं एकटीचं नाव ऐकताहेत. मग ती पाण्यात उतरते, त्रैक्याच्या नावाने तिला बाप्तिस्मा होतो, नाकातोंडात गेलेलं पाणी खोकत ती वर येते आणि दुसरी मुलगी तिच्या अंगाभोवती कोरडं लुगडं गुंडाळते. धर्मशास्त्र काय म्हणायचं ते म्हणो. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की पुष्कळ दिवसांनी कुणीतरी या अंगाला न ढकलता हात लावलाय.

काठावर रमाबाई उभ्या आहेत. एकोणचाळीस वय, पांढरं वस्त्र, कापलेले केस. ऐकू कमी येतं म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे रोखून बघतात.

गाडीवान तुमच्या कानाशी लागतो, ‘पोटासाठी बाटल्या, दुसरं काय!’

त्याला गप्प करू नका. हाच प्रश्न ‘केसरी’ने १८९३ साली पुण्यात उभा केला होता, रमाबाईंच्या तिथल्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले ते याच वादात. भुकेल्या मुलीने दिलेला होकार कितपत होकार असतो? प्रश्न खरा आहे आणि नदीत बुचकळून तो धुऊन निघत नाही. मला एवढंच दिसतं की रमाबाईंना तो बाहेरून शिकवायची गरज नव्हती. १८७४ च्या सुमारास त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीतच गेली. तीर्थं, व्रतं, दानं सगळी करून झाल्यावर. आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा? इंग्लंडात वाँटेज इथे, २९ सप्टेंबर १८८३ ला, दोन वर्षांच्या मनोरमेसह. त्याच्या थोडे दिवस आधी सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच जीव दिला होता. त्या पाण्यात रमाबाई उतरल्या तेव्हा आधाराला दुसरं काय उरलं होतं हे आपण ताडावं. पण बाप्तिस्मा घेतल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद घातला, चर्च सांगेल ते सगळं मानायचं नाकारलं. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं लागली. म्हणजे विधी झाला आणि जखम भरली असा हिशोब त्यांच्याही आयुष्यात जमलेला नाही.

आता पुढे सरकू. केडगावच्या माळावर मुक्ती सदनाचं उद्घाटन, १८९९ मधली देवळाच्या पायाची दगडी कोनशिला, गुजरातचा दुष्काळ, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोरून भराभर जातं. १९०१ उजाडतं तेव्हा माळावर एकोणीसशेच्या आसपास माणसं आहेत. विहिरी, चुली, माग, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन, फसवल्या गेलेल्या बायांसाठी कृपा सदन. मुलगे दौंडला, अल्बर्ट नॉर्टन यांच्या वसतिगृहात. इंग्रज दौंडला ‘धोंड’ लिहितात.

२९ जून १९०५. पहाटेचे तीन वाजून गेलेत, तुम्ही मुलींच्या निजायच्या खोलीच्या पडवीत आहात. पाऊस झालेला, मातीला वास आहे. जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणाऱ्या मुली मागितल्या तेव्हा सत्तर पुढे आल्या; आता साडेपाचशे बसतात. वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्या इथे मोठ्याने वाचल्या जातात. आत एकदम गलका होतो. एक मोठी मुलगी उठून बसलीय, अंग थरथरतंय, ओरडतेय. शेजारणीला वाटतं हिला आगच लागली. ती धावत जाऊन पाण्याची बादली आणते, उपसून आता ओतणार, तोच तिच्या ध्यानात येतं की कुठेच काही जळत नाहीये. मिनी अब्राम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाईंनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. तुम्ही तिथे असाल तर पवित्र आत्म्याच्या ज्वाळांपेक्षा ती भरलेली बादली जास्त लक्षात राहील.

दुसऱ्या दिवशी रमाबाई वचन शिकवत असतानाच बांध फुटतो. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागतात, रडू लागतात. शाळा, उद्योग, सगळं बाजूला राहतं. कुणी जमिनीवर डोकं टेकलंय, कुणी पापं कबूल करतंय: चोरलेली सुई, खोटं बोललेलं, शेजारणीचा केलेला द्वेष. बाहेरून आलेले लोक याला पापाचं दुःख म्हणतात. मुलीही तेच म्हणतात, आणि ते नाकारायला मी कोण?

पण जरा कान द्या. या मुली कोण? १८९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळातून वाचलेल्या. रस्त्याकडेला आई टाकून आलेल्या, हातात भाऊ गेलेला पाहिलेल्या. तेव्हा रडल्या असतील का? उपाशी पोर रडत नाही, त्याला तेवढी ताकद नसते. मग पाच-आठ वर्षं शिवण, दळण, बाराखडी, वेळेवर घंटा. रडायला वेळ कुठे होता आणि जागा तरी कुठे? आज साडेपाचशे जणी एका छताखाली, एका देवासमोर, एकमेकींचं ऐकू न येईल इतक्या मोठ्याने रडताहेत. मला हे उशिरा झालेलं सुतक वाटतं. उपासनेने त्यांना जे दिलं त्यात रडण्याची ही मुभा फार मोठी, आणि संजीवनाच्या इतिहासात तिच्यावर फारशी शाई खर्च झालेली नाही. तिथे चर्चा अन्य भाषांची, म्हणजे न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करण्याची. दौंडचे नॉर्टनही पुढे मुक्तीत येतात आणि इंग्रजी न येणारी मुलगी इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकल्याचं लिहितात. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी ते जरूर वाचावं.

एखादा रविवार निवडा, पावसाळा सरल्यावरचा. देवळात प्रभुभोजन आहे. देऊळ क्रुसाच्या आकाराचं, खुर्च्या-बाकांचा सोस नाही, बहुतेक जणी जमिनीवर बसल्यात. भाकर मोडली जाते आणि ओळीने पुढे सरकते. तुमच्या उजवीकडे कोण बसलीय ते तुम्हाला माहीत नाही. डावीकडे बहुधा अशा घरातली, जिच्या सावलीने गावात विटाळ झाला असता. कधी काळी शारदा सदनात ब्राह्मण मुलींचा स्वयंपाक वेगळा राहील याची रमाबाईंनी कटाक्षाने काळजी घेतली होती, टीकाकारांना बोलायला जागा नको म्हणून. इथे ती सोय उरलेली नाही. बार्तिमी सदनातल्या एका अंध मुलीला शेजारीण हात धरून भाकरीपर्यंत नेते. ती तुकडा आधी बोटांनी चाचपते, मग तोंडात टाकते.

उपासना सुटते. तुम्ही गर्दीबरोबर बाहेर येता आणि दवाखान्यापुढची रांग पाहता. खोकला, खरूज, डोळे आलेले. देवळात आत्ता हात जोडून बसलेल्याच मुली इथे झाकणभर औषध मागताहेत आणि कुणालाही त्यात विसंगती दिसत नाही. प्रार्थनेने ताप उतरला अशा साक्षी इथे मोठ्या आवाजात दिल्या जातात, आणि क्विनाइनही दिलं जातं. तुम्हाला मात्र यातलं एकच खरं मानायची सवय लागलेली आहे. केडगावला ती परवडणारी नव्हती.

रांगेतली एक बाई तुम्हाला विचारते, कुठून आलात? घोडनदीहून, म्हणा. ती म्हणेल, जेवून जा, आज रविवारची भाजी आहे.