अशिलाची दिशाभूल करणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई

दावा दाखल झाल्याचे वकिलाने सांगावे, सुनावणीच्या तारखाही कळवाव्यात आणि न्यायालयात प्रत्यक्षात तसा दावाच नसावा, अशा वेळी अशिलाने दाद कोठे मागावी? वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिल्याने हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये याच्या विरुद्ध निर्णय दिला होता. आता शिक्षेसाठी बार कौन्सिल आणि नुकसानभरपाईसाठी दिवाणी न्यायालय, असे दोन प्रमुख मार्ग उरतात.

वकिलांविषयीच्या १९६१ च्या कायद्यातील कलम ३५ नुसार तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करावी लागते. वकिलाची सनद ज्या राज्याच्या पटावर नोंदलेली असते, त्याच राज्याच्या कौन्सिलला कारवाईचा अधिकार असतो. वाराणसीत शिंदे आणि भोसले यांच्या घाटांदरम्यान असलेल्या संकठा घाटाच्या परिसरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने स्थानिक वकील नेमला असेल, तर तक्रार प्रयागराज येथील उत्तर प्रदेश बार कौन्सिलकडे जाईल. मुंबईला अर्ज पाठवून उपयोग नाही. तीन सदस्यांची शिस्तपालन समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, ठराविक काळासाठी निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव पटावरून कायमचे कमी करू शकते. तिच्या निर्णयावर भारतीय बार कौन्सिलकडे आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते.

या विषयातील सर्वांत बोलके प्रकरण मद्रासचे आहे. पंधरा हजार आणि पाच हजार रुपयांच्या दोन वचनचिठ्ठ्यांवर दावे लावण्याचे काम एका वकिलाकडे सोपवण्यात आले होते. अशिलांपैकी एक सत्तरीचे, बहिरे गृहस्थ होते. दावे चालू असल्याचे वकिलाने त्यांना सांगितले, तारखा दिल्या आणि अखेर हुकूमनामे झाल्याचेही कळवले. हे सर्व खोटे होते. राज्य समितीने सहा वर्षांचे निलंबन फर्मावले, भारतीय बार कौन्सिलने ते एका वर्षावर आणले. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या बहुमताच्या निकालाने अशिलाला अडीच हजार रुपये देण्याचा आणि विनामूल्य कायदेविषयक साहाय्याचे काम करण्याचा मार्ग वकिलापुढे ठेवला. न्या. ए. पी. सेन यांनी भिन्न मत नोंदवले. फसवणुकीच्या मानाने ही शिक्षा अनेकांना सौम्य वाटेल.

मात्र प्रत्येक चूक गैरवर्तन ठरत नाही. महाराष्ट्र बार कौन्सिलशी संबंधित खांडेकर खटल्यात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला यांत भेद केला. नैतिक दोष नसलेला केवळ निष्काळजीपणा शिक्षेस पात्र नाही, असे म्हटले. उलट, शुल्क थकले म्हणून अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवणे हे गैरवर्तनच आहे, असे २००० मध्ये स्पष्ट झाले.

राज्य समितीने एका वर्षात निर्णय न दिल्यास प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. तोवर मूळ वादाचे काय, ही अशिलाची खरी चिंता असते. वकील गैरहजर राहिल्याने अलाहाबाद उच्च न्यायालयात निकाली निघालेले एक अपील सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये पुन्हा सुनावणीस पाठवले आणि खर्चाचे दोनशे रुपये वकिलाकडून वसूल करण्यास सांगितले. अपिलातील विलंब योग्य कारण असल्यास माफ होऊ शकतो. मूळ दाव्याला मात्र ही सवलत नाही, आणि वचनचिठ्ठीच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत अवघी तीन वर्षे आहे. बार कौन्सिलकडे तक्रार केल्याने ती थांबत नाही. त्यामुळे दाव्याचा क्रमांक वकिलाकडून मागून घेऊन तो न्यायालयाच्या कार्यालयात किंवा ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पडताळणे, हे अशिलाने वेळीच करायचे काम आहे.