सुपरकार चालवण्याची भेट देताय? गाडीच्या नावाआधी लॅप मोजा

गोव्यातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आज इंग्लंडात आहे. तिथल्या स्विंडन शहरात तर गोंयकारांची मोठी वस्तीच झाली आहे. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी घरांतली मुलंही शिक्षण-नोकरीनिमित्त तिकडे आहेत. घरात कोणाचा चाळिसावा वाढदिवस आला, लग्नाला पंचवीस वर्षं झाली किंवा वडील पहिल्यांदा मुलाकडे तिकडे निघाले, की भेट काय द्यायची हा प्रश्न येतो. इंग्लंडात या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे. फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी रेसिंगच्या ट्रॅकवर स्वतः चालवायची, त्याचं व्हाउचर.

भेट छानच आहे. पण व्हाउचरवर फोटो गाडीचा असतो आणि प्रत्यक्षात विकत मिळतात ती स्टेअरिंगवरची मिनिटं. ती किती, कुठल्या ट्रॅकवर आणि कुठल्या अटींवर, हे न बघता घेतलेलं व्हाउचर कित्येकदा मनस्ताप देतं, नाहीतर ड्रॉवरमध्ये पडून मुदत संपवतं.

त्या दिवशी नेमकं काय होतं

दिलेल्या वेळेला पोचायचं, लायसन दाखवायचं, जबाबदारीच्या कागदावर सही करायची. मग सुरक्षेची माहिती दिली जाते. झेंड्यांचा अर्थ, ब्रेक कुठे मारायचा, वळणावर गाडी कुठल्या बाजूने घ्यायची, एवढं त्यात येतं. हेल्मेट मिळतं. शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसतो आणि तो सांगेल तसंच चालवायचं असतं. ही शर्यत नव्हे. ओव्हरटेकही त्याच्या परवानगीनेच.

या सगळ्यात दोन-तीन तास सहज जातात. एका गाडीचं बेसिक पॅकेज असेल, तर त्यातला हातात स्टेअरिंग असण्याचा वेळ पाच-दहा मिनिटांचाच असतो. हे आधी माहीत असलं की वाईट वाटत नाही.

हिशोब असा करा

सिल्व्हरस्टोनचं नाव मोठं आहे. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदाची पहिली शर्यत तिथेच झाली. आजचा पूर्ण ग्रां प्री ट्रॅक ५.८९१ किलोमीटरचा आहे. पण त्याच आवारात छोटे मार्गही आहेत आणि अशा पॅकेजसाठी ते वापरले जातात. त्यातला 'नॅशनल' मार्ग सुमारे २.६४ किलोमीटरचा. सरासरी वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर तीन लॅप म्हणजे ७.९२ किलोमीटर, अर्थात पावणेपाच मिनिटं.

स्विंडनपासून तासाभराच्या आत असलेला कॅसल कूम ट्रॅक सुमारे २.९८ किलोमीटरचा आहे. तिथे सहा लॅप मिळाले तर ते १७.८८ किलोमीटर होतात, त्याच वेगाने जवळजवळ पावणेअकरा मिनिटं.

आता केवळ समजण्यासाठी किमती धरू. पहिलं पॅकेज ६० पौंडांचं, दुसरं १०० पौंडांचं. वरवर पहिलं स्वस्त. पण किलोमीटरमागे पहिल्यात साडेसात पौंडांवर जातात, दुसऱ्यात साडेपाचच्या आसपास. म्हणजे महाग दिसणारं पॅकेज प्रत्यक्षात स्वस्त पडलं.

काही कंपन्या लॅपऐवजी मैल लिहितात. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर. आणखी एक गोष्ट विचारून घ्यायची. पिटमधून बाहेर पडतानाचा आणि परत येतानाचा हळू लॅप त्याच आकड्यात धरलाय का? तीन लॅपमधले दोन असे गेले, तर खरा लॅप एकच उरतो.

ट्रॅक की विमानतळ?

सिल्व्हरस्टोन, कॅसल कूम आणि थ्रक्स्टन हे तिन्ही ट्रॅक दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई दलाच्या तळांवर उभे राहिले. आज त्यांचं रूप पक्क्या रेसिंग ट्रॅकचं आहे. पण इंग्लंडात काही सुपरकार पॅकेज अजूनही साध्या बंद धावपट्टीवर, प्लास्टिकचे शंकू मांडून होतात. ती फसवणूक नाही. जागा रुंद, सपाट आणि मोकळी असल्याने नवख्या माणसासाठी ती उलट बरी. मात्र ज्याने वर्षानुवर्षं टीव्हीवर रेस पाहिल्यात, त्याला शंकू बघून हिरमोड होणार. व्हाउचरवर फक्त 'देशभरातली ठिकाणं' असं लिहिलं असेल, तर कुठलं ठिकाण पक्कं आणि कुठलं धावपट्टीचं हे घेण्याआधी विचारावं.

पक्क्या ट्रॅकचेही स्वभाव वेगळे. केंटमधला ब्रँड्स हॅच चढउताराचा आहे. त्याचं पहिलंच वळण, पॅडॉक हिल बेंड, एकदम खाली उतरतं. तिथला छोटा 'इंडी' मार्ग १.९४ किलोमीटरचा, म्हणजे लॅपचा आकडा जास्त दिसला तरी अंतर कमी. थ्रक्स्टन ३.७९ किलोमीटरचा आणि ब्रिटनमधला सर्वांत वेगवान ट्रॅक म्हणून ओळखला जातो.

गाडी कोणती घ्यावी

नावावर जाऊ नये, चालवणाऱ्यावर जावं. फेरारी ४८८ जीटीबीला ३.९ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-८ इंजिन आणि ६७० पीएस ताकद. शून्यावरून शंभरला ३ सेकंद. लॅम्बोर्गिनी हुराकान एलपी ६१०-४ ला ५.२ लिटरचं व्ही-१० इंजिन, ६१० पीएस, चारही चाकांना ताकद आणि शंभरला ३.२ सेकंद. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकला याच कामाला बारा-तेरा सेकंद लागतात, यावरून अंदाज यावा.

या दोन्ही गाड्यांना क्लच पेडल नाही. गिअर स्टेअरिंगमागच्या पॅडलने पडतात. त्यामुळे चालवायला त्या वाटतात तितक्या अवघड नाहीत. ऑडी आर-८ मध्ये हुराकानच्याच घराण्यातलं व्ही-१० इंजिन येतं आणि तिचं पॅकेज बरेचदा कमी पैशात मिळतं. आवाज हवा, नावाचा हट्ट नाही, अशांनी तिचा विचार करावा. एरियल ॲटम किंवा केटरहॅम या हलक्या, उघड्या गाड्या फोटोत साध्या दिसतात, पण वळणावरची खरी मजा ज्याला कळते त्याला त्याच जास्त आवडतात.

काही सुपरकारचं स्टेअरिंग डाव्या बाजूला असतं. भारतात आयुष्यभर उजवीकडे बसून चालवलेल्या माणसाचा पहिला लॅप ते अंगवळणी पडण्यातच जातो. चार गाड्यांचं एकेक लॅपचं पॅकेज घेण्यापेक्षा एका गाडीचे जास्त लॅप घ्यावेत, ते याचसाठी. गाडी हाताला बसेपर्यंत उतरायची वेळ येऊ नये.

लायसन, उंची, तब्येत

बहुतेक ठिकाणी पूर्ण ड्रायव्हिंग लायसन मागतात. भारतीय लायसनवर ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर तिथे गेल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. ट्रॅक खासगी जागेत असतो, तिथे नियम त्या कंपनीचा. कर्नाटक, गोवा किंवा महाराष्ट्राचं लायसन चालेल का, आंतरराष्ट्रीय परमिट हवं का, हे लेखी विचारून घ्यावं. परमिट इथल्या आरटीओतून एक वर्षासाठी मिळतं. तिकडे ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलेल्याला मॅन्युअल गाडी मिळणार नाही, हेही ध्यानात ठेवावं.

उंची आणि वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते. सुपरकारची सीट खोल आणि अरुंद असते, वर हेल्मेट. सहा फुटांवरच्या किंवा भरदार अंगाच्या माणसासाठी गाडीप्रमाणे मर्यादा विचाराव्यात. गरोदरपण, हृदयविकार, फिट येणं, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर परवानगी मिळत नाही, आणि लपवून जाऊही नये. चश्मा लागत असेल तर तो घालूनच चालवायचं असतं. आदल्या रात्री पार्टी झाली असेल तर सकाळचा स्लॉट घेऊ नये.

ज्यांच्याकडे लायसन नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. खासगी जागेत असल्याने इंग्लंडात शाळकरी मुलांसाठीसुद्धा ज्युनिअर पॅकेज असतात. वयापेक्षा उंचीची अट तिथे जास्त बघितली जाते.

व्हाउचरची बारीक अक्षरं

सगळ्यात जास्त वाद होतो तो इथे.

पहिली बाब मुदतीची. व्हाउचर साधारण वर्षभर चालतं, काही त्याहून कमी. ते खरेदीच्या तारखेपासून मोजतात, वाढदिवसापासून नाही. शनिवार-रविवारला जादा पैसे लागू शकतात.

दुसरी बाब नुकसानीची. पॅकेजमध्ये विमा असला तरी त्यात ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान चालवणाऱ्याच्या माथी असतं, आणि ही रक्कम हजारो पौंडांत असू शकते. ती कमी करण्यासाठी त्या दिवशी काउंटरवर 'डॅमेज वेव्हर' घ्यायला सांगतात. भेट देणाऱ्याने हे पैसे आधीच धरावेत, नाहीतर भेट घेणाऱ्यालाच खिशात हात घालावा लागतो. फोटो-व्हिडिओचंही तसंच.

तिसरी बाब रद्द करण्याची. ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेलं, तारीख न ठरवलेलं व्हाउचर साधारणपणे १४ दिवसांत परत करता येतं. एकदा तारीख ठरली की ही सवलत राहत नाही. पाऊस पडला म्हणून दिवस रद्द होत नाही, ओल्या ट्रॅकवर हळू चालवायला लावतात.

चौथी बाब पैसे भरण्याची. तिकडच्या क्रेडिट कार्डावर १०० पौंडांपेक्षा जास्त किमतीची खरेदी केली, तर १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ नुसार विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. मात्र मध्ये व्हाउचर विकणारी तिसरी कंपनी असेल तर हे संरक्षण लंगडं पडू शकतं. शक्यतो थेट ट्रॅककडून घ्यावं. इथल्या कार्डाने भरलं तर फॉरेक्स मार्कअपचा भुर्दंड पडतो. म्हणून तिथल्या नातेवाइकाने भरून इथे हिशोब केलेला बरा.

दुबई-अबू धाबीला जाणार असाल तर

इंग्लंड लांब पडतं, पण आखातात आपले लोक घरोघरी आहेत. दुबई ऑटोड्रोम २००४ पासून चालू आहे, पूर्ण मार्ग ५.३९ किलोमीटरचा. अबू धाबीच्या यास मरिना ट्रॅकवर २००९ पासून फॉर्म्युला वन होते. २०२१ मधल्या बदलानंतर तो ५.२८१ किलोमीटरचा झाला. दोन्हीकडे सर्वसामान्यांना पैसे भरून गाडी चालवता येते. उन्हाळा टाळावा. ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये जावं, नाहीतर संध्याकाळचा स्लॉट घ्यावा. सहलीच्या शेवटच्या दिवशी हे ठेवू नये. काही कारणाने वेळ पुढे गेली तर विमान वाट बघत नाही.

भारतात काय

ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. चेन्नईजवळचा मद्रास ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. पण इंग्लंडासारखं कधीही व्हाउचर काढा आणि फेरारी चालवा, असा बाजार इथे अजून रुजलेला नाही. जे होतं ते ठरावीक तारखांना, गाडी कंपन्यांच्या कार्यक्रमांतून किंवा रेसिंग शाळांतून. तारीख पक्की असल्याशिवाय पैसे भरू नयेत.

इंदूरकरांना जवळचं नाव पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचं. तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, वाढदिवसाच्या फेरीसाठी नाही. हैदराबादेत फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेन सागराकाठी फॉर्म्युला ई झाली, तो ट्रॅक रस्त्यांवर तात्पुरता उभारलेला होता.

सीमाभागातल्यांसाठी सोपा मार्ग कोल्हापूरचा. बेळगावहून सुमारे ११० किलोमीटरवर तिथे गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. वळणाची रेषा, ब्रेकची जागा, स्टेअरिंगची शिस्त या गोष्टी कार्टमध्येच शिकल्या जातात. परदेशात महागडे लॅप घेण्याआधी इथे अर्धा दिवस घालवला, तर तिकडची पाच मिनिटं वाया जात नाहीत.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न

१. एकूण किती किलोमीटर, आणि त्यात पिटमधून निघण्याचा आणि परतण्याचा लॅप धरलाय का?
२. ट्रॅक पक्का की धावपट्टी? त्यातला कुठला मार्ग?
३. भारतीय लायसन चालतं का? उंची-वजनाची अट काय?
४. नुकसान झालं तर जास्तीत जास्त किती भरावं लागेल? वेव्हर कितीला?
५. मुदत कधी संपते? तारीख आणि नाव बदलता येतं का?
६. सोबतच्यांना बघायला सोडतात का?

शेवटचा प्रश्न भेट घेणाऱ्याबद्दलचा. आयुष्यभर टॅक्सी किंवा टेम्पो चालवलेल्या वडिलांना स्वतः स्टेअरिंग धरायला आवडेल, की आता गुडघे आणि बीपी सांभाळून कोणी फिरवून आणलेलं बरं? दुसरं असेल तर इन्स्ट्रक्टर चालवतो आणि आपण शेजारी बसतो, असे 'पॅसेंजर राइड'चे लॅप स्वस्तात मिळतात, आणि वेग त्यातच जास्त अनुभवायला मिळतो. तब्येतीची अट मात्र तिथेही असतेच. अचानक धक्का देण्याच्या नादात हे विचारायचं राहून जातं. ही भेट तरी आधी विचारून द्यावी.