गवत-गासडी यंत्र
वाळलेले गवत दाबून त्याच्या गासड्या बांधणारे कृषियंत्र. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या बळावर चालणारी स्थिर दाबयंत्रे वापरीत. त्यांत गवत हातांनी भरावे लागे व तारही माणसेच बांधीत. पेनसिल्व्हेनियातील एडविन नोल्ट यांनी शेतात पसरलेल्या ओळींतून गवत उचलून, दाबून आपोआप बांधणारे यंत्र सिद्ध केले. १९४० च्या सुमारास न्यू हॉलंड कंपनीने ते बाजारात आणले. त्यामुळे पाऊस येण्यापूर्वी थोड्या मजुरांकरवी वैरण साठविणे शक्य झाले. १९७१ मध्ये गॅरी व्हर्मीर यांनी मोठ्या गोल गासड्यांचे यंत्र तयार केले व ट्रॅक्टरच्या साहाय्याने एकट्या माणसालाही हे काम करता येऊ लागले. तथापि ओलसर गवत बांधल्यास सूक्ष्मजीवांच्या क्रियेने गासडी आतून तापते, प्रसंगी पेटही घेते. म्हणून यंत्र कितीही वेगवान असले, तरी गवत पुरेसे वाळेपर्यंत थांबावेच लागते.