धानाच्या मुलखांतील कष्टकरी स्त्रिया व जुनीं छायाचित्रें

सनदा, महजर, हिशेबाचीं पत्रें यांस आपण इतिहासाचीं साधनें म्हणून मान देतों. छायाचित्रांस तो मान अद्याप पुरतेपणीं मिळालेला नाहीं. राजेरजवाड्यांचीं व पुढाऱ्यांचीं चित्रें जपलीं जातात. परंतु ज्या श्रमांवर सर्व मुलूख जगला त्या श्रमांचें चित्र क्वचितच कोणी पुराव्यादाखल पुढें ठेवितो. गोंदियाच्या परिसरांत ही उणीव विशेष जाणवते. हा धानाचा मुलूख. येथें बांधींतील चिखलांत वांकून रोवणी करणें, कापणीचे भारे डोक्यावर वाहणें, उफणणें, कांडणें हीं कामें पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनीं केलीं. आणि मजुरणीस ‘रेजा’ हा स्वतंत्र शब्दच या बाजूस रूढ आहे. ज्या कामकरणीसाठीं भाषेंत शब्द आहे, तिच्यासाठीं दप्तरांत जागा किती आहे, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

तुलनेसाठीं प्रथम परदेशांतील एक उदाहरण घेऊं. विलायतेंत सन 1842 च्या कायद्यानें स्त्रियांस खाणीच्या पोटांत काम करण्याची मनाई झाली. जमिनीवरील काम मात्र चालूं राहिलें. वेल्स प्रांतांतील ट्रेडेगार येथें सन 1865 मध्यें डब्ल्यू. क्लेटन या छायाचित्रकारानें अशा कष्टाचीं कामें करणाऱ्या मुलींचीं चित्रें काढलीं. तीं आर्थर मन्बी (1828–1910) या गृहस्थाच्या संग्रहांत आलीं, व तो संग्रह पुढें केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजाकडे गेला. हीं चित्रें निघालीं याचें कारण उघड आहे. जाडेंभरडें नेसून बाप्यांचें काम करणारी तरुणी हें शहरांतील पाहणारास नवल वाटे. आमच्याकडे तें नवल नव्हतें. डोक्यावर चुंबळ व चुंबळीवर पाटी घेतलेली बाई रोजच दिसे. म्हणून तिचें चित्र काढण्याचें कोणाच्या मनांत येत नसे.

तरीहि तीं निघालीं, पण निराळ्या निमित्तानें. त्या वेळीं गोंदिया हें मध्यप्रांतांतील भंडारा जिल्ह्यांत होतें. स्वतंत्र गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजीं झाला. भंडारा जिल्ह्याचें गॅझेटियर सन 1908 मध्यें रसेल यानें संपादिलें. त्याच रसेलनें रायबहादुर हिरालाल यांच्या साह्यानें मध्यप्रांतांतील जाति-जमातींवर रचिलेला चार भागांचा ग्रंथ सन 1916 मध्यें लंडनांत प्रसिद्ध झाला. त्याच्या तिसऱ्या भागांत दळण दळणाऱ्या गोंड स्त्रियांचें, आणि चौथ्यांत धान कांडण्याचें, उफणणीचें व गहूं दळून धान सडणाऱ्या स्त्रियांचें चित्र आहे. ग्रंथ सर्व प्रांताचा असल्यामुळें यांतील एखादी बाई गोंदियाचीच म्हणून मिरविणें योग्य नव्हे. पण जें काम दाखविलें तें या मुलखांतील घरोघरचें होय, यांत संशय नाहीं.

आतां मांडणीकडे लक्ष द्यावें. ग्रंथाची रचना जातींच्या क्रमानें आहे. त्यामुळें कष्ट करणारी बाई येथें जातीचा नमुना म्हणून उभी राहते. चित्राखालीं जातीचें वा कामाचें नांव येतें, बाईचें नाहीं. शिवाय ती घरच्यांसाठीं कांडते कीं दुसऱ्याच्या घरीं मोलानें, हेंहि चित्र सांगत नाहीं. मुसळ तेंच, उखळ तेंच, घामहि तोच. परंतु एक संसार आणि दुसरा धंदा.

हा भेद खानेसुमारींत मात्र केलेला आढळतो. सन 1911 च्या खानेसुमारींतील धंद्यांच्या यादींत धान कांडणारे व पीठ दळणारे यांचा वर्गच स्वतंत्र आहे, आणि हिंदुस्थानभर त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून फारच मोठी होती. म्हणजे कांडप हा मुख्यतः बायकांचा धंदा होता, हें सरकारी आंकड्यांनींच सिद्ध होतें. परंतु पहांटे उठून आपल्याच घरचें धान कांडणारी बाई त्या वर्गांत बसत नाहीं. तिचे श्रम कोणत्याच रकान्यांत पडले नाहींत. चित्रांत श्रम दिसतात व मोल दिसत नाहीं. कोष्टकांत मोलाचें काम दिसतें व बिनमोलाचें लोपतें. सबब दोन्ही साधनें शेजारीं ठेवून वाचलीं पाहिजेत.

हें काम किती जड होतें याची कल्पना चित्रावरून पुरी येत नाहीं. कांडल्यानें तूस निघावें, सुपानें तें पाखडावें, मग पुन्हा सडून कोंडा काढावा, तेव्हां कोठें तांदूळ पांढरा होई. दोघी एकाच उखळाशीं उभ्या राहून आळीपाळीनें मुसळ घालीत. एकीचा ताल चुकला तर दुसरीचा हात दुखावे. छायाचित्र एक क्षण धरून ठेवितें. हा ताल त्यांत उतरत नाहीं.

पुढें आगगाडी आली. नागपूर-छत्तीसगड रेल्वे सन 1888 च्या सुमारास बंगाल-नागपूर कंपनीकडे गेली, व विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गोंदियाहून जबलपूर व नागभीड या दिशांस अरुंद मार्ग निघाले. गोंदिया मोठें जंक्शन व धानाचा बाजार झालें. तांदळाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीनें बाईच्या खांद्यावरचें ओझें उतरविलें हें खरें. पण जी मोलानें कांडीत असे तिची मिळकतहि गिरणीनेंच नेली. तिला पुढें पोत्यांपाशीं, बांधींत किंवा तेंदूच्या पानांवर व विड्यांवर काम शोधावें लागलें. गिरणीच्या इतिहासांत हा नफातोटा मांडला गेला पाहिजे.

यास्तव संशोधकांस सूचना अशी कीं, या जिल्ह्यांतील घरांत, शाळांत व गिरण्यांत जुनीं छायाचित्रें असतील तीं पाहतांना केवळ मध्यें बसलेल्या मालकाकडे न पाहतां कडेस उभ्या असलेल्या रेजांकडेहि पाहावें. हातांतील अवजार, डोक्यावरील ओझें व पायांखालची जमीन टिपून ठेवावी. ज्या वृद्ध स्त्रियांनीं मुसळ हातीं धरलें, त्यांस तीं चित्रें दाखवून कामांचीं व माणसांचीं नांवें विचारून घ्यावीं. कागद एखादे वेळीं पुन्हा सांपडतो; ही माहिती त्या स्त्रियांबरोबर जाईल, ती पुन्हा सांपडणार नाहीं.