दिव्याची कळ कोणाच्या हाती?

मोबाइलवरील अॅपने दिवा लावणे ही आता नवलाई राहिलेली नाही. परंतु अॅपवर बोट टेकवल्यापासून दिवा लागेपर्यंत संदेश कोणत्या वाटेने जातो, हा प्रश्न आपण वर्गात क्वचितच विचारतो. पुष्कळ उपकरणांत तो घराबाहेर पडून कंपनीच्या दूरवरच्या सर्व्हरकडे जातो आणि तेथून परत घरातल्या दिव्याकडे येतो. दिवा दोन मीटरवर असला तरी हेच! ही रचना अपरिहार्य आहे का?

१९७५ साली स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने घरातील दिवे दुरून चालवण्याची 'एक्स-१०' ही पद्धत तयार केली. (कंपनीचा हा दहावा प्रकल्प, म्हणून हे नाव.) तिच्यासाठी नव्या तारा ओढाव्या लागत नसत, विजेच्या तारांतूनच संदेश जाई. प्रत्यावर्ती प्रवाहाचे विभवांतर प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यातून जाते, हे आपण शिकवतोच. ५० हर्ट्झच्या विजेत असे क्षण सेकंदाला १०० येतात. त्या क्षणाच्या आसपास १२० किलोहर्ट्झचा छोटा स्पंद पाठवायचा. स्पंद आहे की नाही यावरून १ आणि ० ओळखायचे. अशा संकेतांतून उपकरणांना २५६ पत्ते देता येत. पद्धत सदोष होती. संदेश वाटेत हरवत, आणि पत्ते जुळले तर शेजाऱ्याने कळ दाबली की आपला दिवा लागे! पण आज्ञा देणारे आणि पाळणारे यंत्र एकाच घरात होते. कारखाना बंद पडला म्हणून घरातला दिवा अडत नसे.

स्मार्टफोन आल्यावर बाहेरगावाहूनही दिवा चालवता यावा, ही अपेक्षा निर्माण झाली. घरातला राउटर बाहेरून अचानक आलेला संदेश सहसा आत घेत नाही. म्हणून दोघांना ठाऊक असलेला मध्यस्थ, म्हणजे कंपनीचा सर्व्हर, ही सोपी युक्ती निघाली. सोपी खरी, पण घरातल्या घरात दिवा लावतानाही तिचाच आधार घेणे हा आमच्या मते आळस होता.

त्याची किंमत २०१६ साली दिसली. अमेरिकेतील रिव्हॉल्व्ह हे सुमारे ३०० डॉलरचे यंत्र निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे, कुलुपे एकाच अॅपखाली आणत असे. सेवा 'आजीवन' म्हणून विकलेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये नेस्टने ही कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सर्व्हर बंद केले. यंत्रात कोणताही बिघाड नसताना ते निकामी झाले. आजीवन म्हणजे कोणाचे जीवन? ओरड झाल्यावर पैसे परत देऊ केले गेले.

एप्रिल २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद पडले. येथे एक उद्बोधक गोष्ट घडली. अॅप मुके झाले, तरी भिंतीवरच्या कळा आणि त्यांना जोडलेले दिवे चालत राहिले, कारण त्यांच्या जोड्या त्या उपकरणांच्याच स्मृतीत साठवलेल्या होत्या. त्याच वर्षी जून महिन्यात काही वापरणाऱ्यांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली व सर्व्हर पुन्हा सुरू केले.

सर्व्हर शाबूत असला तरी अॅप जुने होतेच. २०१७ साली आयफोनच्या अकराव्या प्रणालीने ३२-बिट अॅप चालवणे थांबवले. ज्यांच्या कर्त्यांनी नवी आवृत्ती काढली नाही, ती अॅप नव्या प्रणालीवर उघडेनाशी झाली.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ साली अशी १८४ उत्पादने तपासली. त्यांपैकी १६३ उत्पादनांच्या संकेतस्थळांवर सॉफ्टवेअरचे साहाय्य किती काळ मिळेल, हे सांगितलेलेच नव्हते. ब्रिटनमध्ये मात्र २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा-सुधारणा किमान किती काळ पुरवणार, हे जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे.

शाळेत किंवा घरी असे उपकरण असेल, तर विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. फोनचा मोबाइल डेटा बंद करावा, वाय-फाय चालू ठेवावे, आणि राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढावी. मग अॅपमधून दिवा लावून पाहावा. दिवा लागला, तर आज्ञा घरातच फिरते आहे.